पाठीवरचं बिऱ्हाड: ‘आविष्कार’ दादरहून माहीमला

मुंबईत हौसेने नाटक करणाऱ्यांना संहिता मिळते, नट मिळतात, ऑफिस सुटल्यावर रात्री दहापर्यंत थांबायची तयारी असलेली माणसंही मिळतात. अडतं ते जागेपाशी. तालमीला खोली नाही आणि प्रयोगाला परवडेल असं नाट्यगृह नाही. ‘आविष्कार’ ही संस्था या अडचणीत पन्नासहून अधिक वर्षं टिकली. दादरच्या छबिलदास शाळेतून ती माहीमच्या महापालिका शाळेत राहायला गेली, तेव्हा तिने कपडेपट आणि प्रॉपर्टीच्या पेट्यांबरोबर आणखीही काही सोबत नेलं. ते काय होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

1960 साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदी मंडळींनी ‘रंगायन’ सुरू केली. मराठी नाटकाला नवं वळण देणारी ही संस्था. 1967 मध्ये रंगायनने तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांड्यांचं, लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. त्या नाटकातली मंडळीही मुंबईहून एका गावातल्या हॉलवर प्रयोगासाठी आलेली असतात आणि मधला वेळ काढायला लुटुपुटीचा खटला चालवतात. परका हॉल, आणलेलं सामान, हाताशी असेल त्यातून उभा केलेला खेळ. देशपांडे दांपत्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचं चित्र मला त्या नाटकाच्या पहिल्या पाच मिनिटांत दिसतं.

रंगायनमध्ये पुढे मतभेद झाले. 1971 मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘आविष्कार’ स्थापन केली. सुरुवात मोठीच केली: गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’, तेंडुलकरांच्या मराठी अनुवादात, तुघलकाच्या भूमिकेत अरुण सरनाईक. पात्रांचा ताफा मोठा, नेपथ्य मोठं, खर्चही तसाच. असं नाटक एकदा धाडसाने उभं करता येतं, पण दर महिन्याला करता येत नाही.

त्या काळात नव्या नाटकाचं खरं दुखणं वेगळंच होतं. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून सुरू होती आणि दरवर्षी गावोगावहून नवी नाटकं येत होती. तीन महिने तालीम करायची, स्पर्धेत एक प्रयोग करायचा, अंतिम फेरीत गेलं तर दुसरा. मग नेपथ्याच्या फळ्या कुणाच्या तरी गच्चीवर पडायच्या आणि नाटक संपायचं. व्यावसायिक नाट्यगृहाच्या तारखा आणि भाडं या मंडळींच्या आवाक्याबाहेरचं होतं. नाटक प्रयोगागणिक सुधारतं, नटाला सहाव्या-सातव्या प्रयोगात भूमिका सापडते. तेवढे प्रयोगच मिळत नसतील तर लेखकाला आपलं कुठे चुकलं तेही कळत नाही. ताडदेवच्या वालचंद टेरेसवर दिग्दर्शक सत्यदेव दुबे आणि इतर मंडळी छोट्या जागेत प्रयोग करत होती, पण तीही सोय कायमची नव्हती.

मग 1974 मध्ये छबिलदासचा हॉल मिळाला. सुलभाताई त्या शाळेत शिक्षिका होत्या, मुलांची नाटकं बसवत होत्या. शाळा दादर पश्चिमेला, स्टेशनापासून पायी काही मिनिटांवर. कल्याणहून येणारा असो की विरारहून, मध्य आणि पश्चिम रेल्वे दोन्हींचा प्रवासी दादरला सहज उतरतो. हे वाटतं तेवढं साधं नाही. रात्री प्रयोग संपल्यावर शेवटच्या गाड्यांच्या आत स्टेशन गाठता येणं, यावर प्रायोगिक नाटकाचा अर्धा प्रेक्षक अवलंबून होता. आणि गल्लीत उतरलं की समोर गरम वड्याचा वास. ‘श्रीकृष्ण’चा बटाटेवडा खाऊन नाटकाला जाणं हा कित्येकांच्या आठवणींचा भाग आहे.

हॉल शाळेचा, साधा. मखमली पडदा नाही की वातानुकूलन नाही. खुर्च्या मांडाव्या तसा प्रेक्षक बसणार. समोर बसला तर समोर, तिन्ही बाजूंनी बसला तर तसा. नट आणि पहिली रांग यांच्यात हातभर अंतर. नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय लागलेल्या नटाला इथे ती सवय मोडावी लागे. इथे कुजबुज ऐकू जाते, डोळ्यांतलं खोटं लपत नाही. खालच्या गल्लीतला गलका वर येई, उकाडा होई, आणि तरी नाटक चाले. पडदाच नाही म्हटल्यावर लेखकांनीही पडदा पडण्यावर बेतलेले अंक लिहिणं सोडलं. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं ‘जुलूस’ मराठीत केलं, सदानंद रेग्यांचं ‘गोची’ केलं. ही नाटकं चौकटीच्या रंगमंचावर बसवली असती तर त्यांचा जीवच गेला असता.

छबिलदासचं मोठेपण मला नाटकांपेक्षाही एका निर्णयात दिसतं. हॉल मिळवला आविष्कारने, पण तो स्वतःपुरता ठेवला नाही. पालेकरांची ‘अनिकेत’ तिथे आली, दुब्यांची ‘थिएटर युनिट’ आली, कालपर्यंत नाव न ऐकलेले कॉलेजातले गट आले. ज्यांच्याशी रंगभूमीबद्दल कडाक्याचे वाद व्हायचे त्यांनाही तोच हॉल खुला होता. नाटक पडलं तरी पुढच्या वेळी दार उघडं. लोक याला ‘छबिलदास चळवळ’ म्हणू लागले ते यामुळे. एका संस्थेचं नाव मागे पडून जागेचं नाव चळवळीला लागावं, असं आपल्याकडे क्वचित घडतं.

हे सगळं आपोआप चालत नव्हतं. शाळेची परवानगी, तारखा, भाडं, छापायची तिकिटं, वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात, खुर्च्या मांडणं आणि रात्री हॉल जसा होता तसा करून परत देणं, कारण सकाळी तिथे शाळा. या कामाचा मोठा भार अरुण काकड्यांनी वाहिला. काकडेकाका पडद्यामागचे निर्माते. नाट्यसमीक्षेत अशा माणसाच्या वाट्याला एखादी ओळ येते. तो नसता तर समीक्षा करायला नाटकच नसतं, म्हणून इथे मुद्दाम थांबून लिहितो आहे.

आविष्कारची बालशाखा म्हणजे ‘चंद्रशाला’. तिचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य. मंचावर पन्नासहून अधिक मुलं, आणि एक तुकडी मोठी झाली की दुसरी तयार. घरोघरचे आईबाप डबे घेऊन तालमीला बसायचे. सुलभाताईंचा मूळ पिंड शिक्षिकेचा, तो इथे सर्वांत जास्त दिसला.

1987 मध्ये अरविंद देशपांडे गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर जानेवारीत नाट्यमहोत्सव सुरू झाला. पुढे नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला छबिलदासमधला मुक्काम संपला. दरम्यान जुहूला 1978 मध्ये पृथ्वी थिएटर उभं राहिलं होतं, नरिमन पॉइंटला ‘एनसीपीए’ या कलाकेंद्रात प्रायोगिक नाटकासाठी वेगळं सभागृह झालं होतं. दोन्ही उत्तम, पण लालबाग-परळच्या किंवा डोंबिवलीच्या पोराला दादर जसं आपलं वाटे तसं ते वाटणं अवघड होतं.

आविष्कारने माहीमची महापालिका शाळा निवडली. पुन्हा शाळाच, पुन्हा दिवसा वर्ग आणि संध्याकाळी तालीम. जागा छबिलदासहूनही छोटी, पण आता आविष्कारला रोज संध्याकाळी टेकायला ठिकाण होतं. त्यामुळे तिथे कार्यशाळा वाढल्या, संहितावाचनं वाढली, नवे दिग्दर्शक घडले. छोट्या जागेत राहून संस्थेने स्वप्नं मात्र छोटी केली नाहीत. महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही त्रिनाट्यधारा 1994 मध्ये आविष्कारने चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली सलग सादर केली. आठ-नऊ तासांचा प्रयोग, नाटकातल्या देशपांडे घराण्याच्या वाड्याच्या पडझडीची अख्खी गोष्ट एका दिवसात. गल्ल्याचा हिशेब आधी मांडणारा निर्माता याला हात लावणार नाही. शाळेच्या खोलीत बसणाऱ्या संस्थेने तो लावला.

छबिलदासहून पेट्यांबरोबर माहीमला गेली ती दार उघडं ठेवायची सवय. तिथेही इतर गटांना तालमीला जागा मिळत राहिली. पुण्यात शनिवार पेठेतला ‘सुदर्शन रंगमंच’ याच गरजेतून महत्त्वाचा ठरला: छोटी जागा, परवडणारं भाडं, नव्या माणसाला संधी.

सुलभाताई 2016 मध्ये गेल्या, काकडेकाका 2019 मध्ये. आजही दादर-माहीमच्या पट्ट्यात संध्याकाळी सहानंतर अनेक शाळांचे हॉल कुलूपबंद असतात आणि त्याच वेळी नाटक करणारी मुलं कुणाच्या तरी वन-रूम-किचनमध्ये सोफा भिंतीला सरकवून तालीम करत असतात.