'हिस्पॅनिक गुन्हेगारी'च्या आकड्यामागे काय आहे

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या) लोकांच्या गुन्हेगारीचा आकडा समोर आला, की आधी बघावं: अटकेच्या नोंदीत तसा रकाना होता का? बराच काळ नव्हता.

१९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा वेगळा वंश होता. मेक्सिको सरकार आणि मेक्सिकन-अमेरिकन संघटनांच्या विरोधामुळे १९४० मध्ये तो गेला, आणि ही माणसं गोऱ्यांत धरली जाऊ लागली. मोजणी थांबली, पूर्वग्रह थांबले नाहीत. १९४२ मध्ये लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यातले एडवर्ड ड्युरान आयर्स यांनी ग्रँड ज्युरीला (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) सांगितलं, की मेक्सिकन तरुणांची हिंसा ॲझ्टेक रक्तातूनच येते. त्याच वातावरणात तिथेच चाललेल्या स्लीपी लगून या खुनाच्या खटल्यात १७ तरुण दोषी ठरले. १९४४ मध्ये वरच्या कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या.

१९७७ च्या सरकारी निर्देशाने 'हिस्पॅनिक' हा वंश नव्हे, वांशिक मूळ ठरवलं. म्हणून एफबीआयच्या सविस्तर नोंदीत दोन रकाने असतात: एक वंशाचा (गोरा असेल तर 'डब्ल्यू'), दुसरा मुळाचा (हिस्पॅनिक असेल तर 'एच'). दुसरा रिकामा राहिला की माणूस नुसता गोरा उरतो. समजा, ६०० 'गोऱ्या' कैद्यांत २०० हिस्पॅनिक आहेत. मग गोऱ्यांची संख्या खऱ्या ४०० च्या दीडपट दिसते, हिस्पॅनिकांची शून्य, आणि कृष्णवर्णीय-गोरे यांच्यातली तफावत आहे त्यापेक्षा कमी भासते. शिवाय जनगणनेत माणूस स्वतः उत्तर देतो. अटकेत बऱ्याचदा पोलीस आडनाव आणि चेहरा बघून लिहितो. म्हणजे दराचा अंश पोलिसांच्या नोंदीतला, छेद जनगणनेतला. असा दर छापणं मला गैर वाटतं.

केंद्रीय न्यायालयांचे आकडे तर फार जपून वाचावेत. विनापरवाना सीमा ओलांडणं १९२९ च्या कायद्याने गुन्हा ठरलं. २००५ मध्ये टेक्सासच्या डेल रिओ भागात पकडलेल्यांवर सरसकट खटले भरण्याची मोहीम सुरू झाली. केंद्रीय आरोपींत हिस्पॅनिक इतके जास्त दिसण्याचं मोठं कारण हे स्थलांतराचे खटले आहेत. खून आणि दरोड्याचे बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात.

गटाच्या आतले फरकही मोठे आहेत. शिकागोच्या १८० वस्त्यांतल्या तरुणांच्या अभ्यासात (१९९५ ते २००२) स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीत हिंसेची शक्यता तिसऱ्या पिढीपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी निघाली. वयाचंही तसंच. हिस्पॅनिक लोकसंख्या गोऱ्यांपेक्षा बरीच तरुण आहे आणि अटका तरुण पुरुषांच्याच जास्त होतात. त्यामुळे वय आणि पिढी समान धरल्याशिवाय दोन गटांचे दर शेजारी मांडू नयेत. मार्च २०२४ मध्ये सरकारी नोंदींत वंश आणि मूळ यांचा एकच प्रश्न करायचं ठरलं, तेव्हा नव्या नोंदी जुन्यांना जोडताना हा बदलही धरावा लागेल.