फेब्रुवारीतली नाशिकची हवा आणि लहान मुलांचं नाक

महाशिवरात्रीच्या आसपास नाशिकमध्ये घरोघरी सकाळी एकच वाद चालू असतो, स्वेटरचा. आजी म्हणते घाल रे बाळा, बाहेर गारठा आहे, आणि पोरगं म्हणतं मला गरम होतंय. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर असतात, कारण फेब्रुवारीच्या शेवटी आपल्याकडे पहाटे 12-13 अंश आणि दुपारी 32-33 अंश हे एकाच दिवसात होऊ शकतं. म्हणजे वीसेक अंशांचा फरक, तोही सात-आठ तासांत. मुंबईत समुद्रामुळे तो इतका ताणला जात नाही.

याचं कारण सूर्य आणि कोरडी हवा. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य नाशिकच्या आकाशात क्षितिजापासून साधारण 46-47 अंशांवर असतो, 21 मार्चला तोच 70 अंशांवर चढतो, त्यामुळे ऊन चांगलं चटकायला लागतं. पण रात्री आकाश निरभ्र असतं, हवेत बाष्प कमी असतं, त्यामुळे जमिनीने दिवसभर घेतलेली उष्णता अडवायला वर फारसं कोणी नसतं आणि ती अवरक्त किरणांच्या रूपात भराभर निघून जाते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं शिकवायला नको, थंडी वाढली की मणी तडकतील या काळजीने ते बागेत शेकोट्या पेटवतात.

आता हा फरक मुलाच्या अंगावर कसा पडतो ते बघू. चार वर्षांचं मूल साधारण 16 किलोचं असतं आणि त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरच्या जरा खाली. मोठ्या माणसाशी तुलना केली तर दर किलोमागे त्याची कातडी जवळपास दीडपट भरते, आणि तान्ह्या बाळाची तर अडीचपट. उष्णता आत येणार आणि बाहेर जाणार ती कातडीतूनच, म्हणून लहान मूल गार पटकन पडतं आणि तापतंही पटकन. त्यात मुलांना घामही मोठ्यांपेक्षा कमी येतो, त्यांचं शरीर जास्त रक्त कातडीकडे पाठवून उष्णता बाहेर टाकतं, खेळून आल्यावर गाल लालबुंद होतात ते यामुळेच. सकाळी व्हॅनमध्ये बसताना घातलेला जाड लोकरी स्वेटर दुपारी सुटेपर्यंत अंगावर तसाच राहिला तर हा मार्गच बंद होतो. तळहात गार लागले म्हणून आणखी कपडे चढवू नका, हातपाय गारच असतात, मानेमागे कॉलरच्या आत हात घालून बघा. तिथे ओलसर गरम लागलं तर एक थर काढायचा. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे ते याचसाठी. (2024 मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 नंतर भरवायला सांगितलं ते मुलांच्या झोपेसाठी, पण या दिवसांत गारठ्याच्या दृष्टीनेही ते मला फार योग्य वाटतं.)

पण माझ्या मते या दिवसांत खरी परीक्षा असते ती नाकाची, आणि त्याबद्दल घरात फार कमी बोललं जातं.

एक साधा हिशोब करा. पहाटे 13 अंशांना हवेतली आर्द्रता 70 टक्के आहे. तीच हवा, तेवढंच बाष्प, दुपारी 32 अंशांपर्यंत तापली की आर्द्रता उरते 22 टक्क्यांच्या आसपास. बाष्प कुठेही गेलेलं नसतं, गरम हवेची ते सामावून घ्यायची ताकद वाढलेली असते, आणि ती हवा मग मिळेल तिथून पाणी ओढते, दोरीवरच्या कपड्यातून, ओठांतून, नाकाच्या आतल्या अस्तरातून. फुफ्फुसात पोहोचेपर्यंत हवा 37 अंशांची आणि बाष्पाने पूर्ण भरलेली व्हावी लागते. म्हणजे दर घनमीटरमागे जवळपास 44 ग्रॅम पाणी, आणि दुपारच्या त्या हवेत असतं जेमतेम साडेसात ग्रॅम. उरलेलं पाणी नाक आणि श्वासनलिका देतात, श्वास सोडताना त्यातलं थोडंच परत मिळतं.

त्यामुळे आतलं अस्तर सुकतं, खपली धरते, मूल बोट घालतं आणि घोळणा फुटतो. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अगदी वरवर असतं, मुलांचा घोळणा बहुतेक वेळा तिथूनच फुटतो. दिसायला भीतीदायक, पण सहसा गंभीर नसतो. आपल्याकडे लगेच डोकं मागे करायला लावतात किंवा आडवं झोपवतात, ते करू नका, रक्त घशात उतरतं आणि मूल ओकतं. त्याला बसवायचं, किंचित पुढे वाकवायचं, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी दाबून धरायचा आणि घड्याळ लावून 10 मिनिटं सोडायचा नाही, मधेमधे थांबलं का म्हणून बघायचंही नाही, तोवर तोंडाने श्वास घेऊ दे. वीसेक मिनिटांतही थांबलं नाही, डोक्याला मार लागल्यावर आलं, किंवा वारंवार येतंय आणि अंगावर निळे डागही दिसतायत, तर डॉक्टरांकडे न्यायचं.

सर्दीचंही थोडं असंच आहे. ती नुसत्या गारव्याने होत नाही, विषाणू लागतो, आणि सर्दीच्या विषाणूंपैकी सगळ्यात जास्त आढळणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभरावर प्रकार आहेत. नाकातलं तापमान शरीरापेक्षा कमी, 33-34 अंश असतं आणि हा विषाणू तिथे जास्त जोमाने वाढतो. गार हवेने नाक आणखी गार होतं आणि सुकलेल्या अस्तराला विषाणू बाहेर ढकलणं अवघड जातं, म्हणून आजीचा गारठ्याबद्दलचा धाक अगदीच निराधार नाही. बालवाडीतल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं हे सर्वसाधारण आहे, त्यात आईचं काही चुकलेलं नसतं. दर वेळी अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही.

संध्याकाळही आता लांबते. जानेवारीच्या मध्यावर सव्वासहाला मावळणारा सूर्य मार्चच्या मध्यावर पावणेसातला मावळतो, आणि त्या उजेडाने मुलांचं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, उशिरा वाढतं, झोप पुढे ढकलली जाते. जेवणानंतर घरातले दिवे मंद केले तरी फरक पडतो.

आणि नाकासाठी मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाईनचे थेंब पुरतात, मेडिकलमध्ये मिळतात. तेल मात्र नको. बाळाची टाळू भरताना दोन थेंब नाकातही सोडायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, पण ते तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. आजींना हे नीट समजावून सांगा, मालिश त्यांना मनसोक्त करू द्या.