कुत्र्याची खाज, ओट्सचं पाणी आणि जळकं ऑइल

पाऊस सुरू झाला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज हमखास फिरतो, कुत्र्याला खाज सुटली तर हळद, कडुलिंब, खोबरेल एकत्र करून चोपडा, आठवड्यात साफ. काही जण तर गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायला सांगतात. कुत्रं ते चाटणारच, आणि ते ऑइल विषारी असतं, त्यामुळे हा उपाय आधी डोक्यातून काढा. त्यापेक्षा दृष्ट काढणारे परवडले, मीठ-मोहरी नुसती ओवाळतात, अंगाला फासत तरी नाहीत.

आता खाज सुटते कशी ते बघू, मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. आपल्या डोक्यात अ‍ॅलर्जी म्हणजे हिस्टामिन (अ‍ॅलर्जीत शरीर सोडतं ते खाजेचं रसायन), म्हणून माणसाची अ‍ॅलर्जीची गोळी कुत्र्याला दिली की झालं. पण अ‍ॅलर्जीवाल्या कुत्र्यांत त्या गोळीचा बऱ्याचदा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे मोठा वाटा इंटरल्यूकिन-३१ नावाच्या प्रोटीनचा असतो. परागकण, धुळीतले माइट्स वगैरे त्वचेतून आत शिरले की टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) हे प्रोटीन सोडतात, ते थेट त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर जाऊन बसतं, तिथून सिग्नल मज्जारज्जूत, मग मेंदूत, आणि मागचा पाय सुरू! खाजवल्यावर थोडं दुखतं, ते दुखणं मज्जारज्जूतच खाजेचा सिग्नल दाबतं, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण नखांनी वरच्या पेशी फाटल्या की त्या टीएसएलपी नावाचा आणखी एक रेणू सोडतात, तो टी-पेशींना परत चेतवतो, परत इंटरल्यूकिन-३१, परत खाज. त्यात कुत्र्याची बाह्यत्वचा साधारण ३ ते ५ पेशी जाड, आपली १० ते १५, म्हणजे फाटायला वेळ लागतच नाही. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओक्लासिटिनिब हे औषध मुख्यतः इंटरल्यूकिन-३१ चा निरोप पेशीच्या आत पोचवणारं जॅक-१ हे एन्झाइम अडवून हाच सिग्नल तोडतं.

घरी एवढं नेमकं काही जमत नाही, पण चक्र मंद करता येतं. गार पाण्याने खाजेचे तंतू जरा शांत होतात, गरम पाण्याने उलट खवळतात. ओट्समध्ये अव्हेनॅन्थ्रामाइड्स नावाची संयुगं असतात, ती प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशींमधला दाह कमी करताना दिसली आहेत, आणि त्यातलं बीटा-ग्लुकन पाणी धरून ठेवतं. साधे ओट्स घ्या (मसाला ओट्स नकोत, प्लीज), मिक्सरमधून अगदी बारीक दळा, चमचाभर ग्लासातल्या पाण्यात टाकून बघा, पाणी दुधाळ झालं आणि तळाशी गाळ बसला नाही तर जमलं. मग तसंच ओट्सचं पाणी कुत्र्याच्या अंगावर ओतून दहा मिनिटं ठेवायचं, धुवायचं आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करायचं, नाहीतर दमट हवेत तिथे मॅलासेझिया नावाचं यीस्ट वाढतं आणि तो आंबूस वास येतो. ‘नॅचरल’ म्हणून टी ट्री ऑइल मात्र लावू नका, कुत्र्याला त्याची विषबाधा होते.

शेपटीच्या मुळाशी केस विरळ झाले असतील तर बहुतेक पिसवांचं काम, तिथे ओट्स काय करणार, पिसवांचं औषधच हवं, आणि अंथरूण पण धुवा कारण अंडी अंगावरून गळून तिथेच पडतात. कानांच्या कडा आणि पुढच्या पायांची कोपरं खरखरीत झालीत आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल तर खरूज असू शकते, मग मिक्सर बंद करा आणि कुत्र्याला सरळ डॉक्टरकडे न्या.