दोन बोटांत धरता येणारी पेशी

‘पेशी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत’ हे वाक्य मुलं पाठ करतात. बहुतेक पेशींबाबत ते खरंही आहे. पण खान्देशातल्या मुलांच्या घरात दिवाळीच्या सुमारास याचा अपवाद खोलीभर भरून ठेवलेला असतो. सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच, अखंड पेशी असते. बीजाच्या सालीवरच्या काही पेशी फूल उमलतं त्याच दिवशी लांबायला लागतात आणि तीन सेंटीमीटरच्या आसपास पोचतात. जाडी मात्र मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग. म्हणजे रुंदीच्या हजारपटीहून अधिक लांब असलेली ही पेशी दोन बोटांत धरून ताणता येते.

हे शिक्षकांनी फळ्यावर सांगितलं तर एक ओळ वाढेल, एवढंच. मुलांना ते शोधू द्यावं. पोळ्याच्या आसपास पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, फुलांवर असते. फूल पहिल्या दिवशी पांढुरकं-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, त्यामुळे त्याचा जन्मदिवस ओळखणं सोपं जातं. पांढऱ्या फुलांच्या देठांना तारखेची चिठ्ठी बांधायची. मग दर चार-पाच दिवसांनी त्यातली एक कैरी, म्हणजे कापसाचं हिरवं कच्चं बोंड, तोडून चिरायची, तंतू ओले करून सरळ करायचे आणि पट्टीवर मोजायचे. फवारणी नुकतीच झालेल्या शेतात मात्र मुलांना अजिबात नेऊ नये, आणि कैऱ्या हाताळल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत.

आलेख काढला की गंमत कळते. पहिले तीनेक आठवडे रेघ वर चढते, मग आडवी होते. बोंड फुटायला तर अजून कितीतरी दिवस असतात. मग पेशी इतके दिवस करते काय? इथे उत्तर सांगायची घाई नको. मुलांना वाद घालू द्यावा. कोवळा तंतू आणि पुढच्या महिन्यातला तंतू शेजारी ठेवले की कुणीतरी म्हणतंच, ‘सर, हा जाड झालाय.’ पेशी लांबायची थांबते आणि आतून भिंतीवर सेल्युलोजचे थर चढवत राहते. बोंड फुटेपर्यंत ती मरते, सुकते, चपटी होते आणि पिळली जाते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हा पीळ स्पष्ट दिसतो. शेजारी पॉलिस्टरच्या दोऱ्याचा तंतू ठेवावा, तो गुळगुळीत दांड्यासारखा दिसतो. कापसाचं सूत कातताना तंतू एकमेकांना धरून राहतात त्यात या पिळाचा मोठा वाटा आहे. ‘पेशीभित्तिका’ हा शब्द या टप्प्यावर दिला, तर तो मुलांजवळ राहतो.

वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवावी लागलेली मुलगी अशा तासाला वर्गात सर्वांत जास्त जाणणारी असते. मला या पद्धतीचं सर्वांत मोठं मोल इथे वाटतं.

हात चालले म्हणजे शिकणं झालं, असं मात्र नाही. पिकलेलं केळं कुस्करून त्यात मीठ, भांड्यांचा साबण आणि मग थंड अल्कोहोल घालून डीएनए काढण्याचा प्रयोग लोकप्रिय आहे. पांढरे धागे वर येतात, टाळ्या पडतात. पण हा डीएनएच कशावरून? केळ्यातलं पेक्टिन, म्हणजे फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पदार्थ, तेही अल्कोहोलमध्ये असंच वर येतं. साबण न घातलेली दुसरी परीक्षानळी शेजारी ठेवली आणि फरक मुलांनाच समजावून सांगायला लावला, तर ती पाककृती न राहता प्रयोग होतो.

सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद (आताच्या नर्मदापुरम) जिल्ह्यात, 1972 साली 16 उच्च प्राथमिक शाळांत असं शिक्षण सुरू झालं आणि ते 2002पर्यंत टिकलं. तिथे परीक्षेतही पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती आणि प्रयोग करून दाखवावे लागत. आपल्याकडे प्रयोगवही अजूनही एकमेकांची उतरवली जाते. परीक्षा बदलल्याशिवाय हे सुटणार नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

दहावीच्या वर्गासाठी माझी निवड गुलाबी बोंडअळी. बीटी कापसाला, म्हणजे एका जिवाणूचं जनुक घातल्यामुळे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, भारतात 2002मध्ये परवानगी मिळाली, आणि 2017मध्ये महाराष्ट्रात याच अळीने बीटीचं पीक पोखरलं. हिरव्या कैऱ्या फोडून अळ्या मोजायच्या, आणि घरी विचारून यायचं: बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटीची वेगळी पुडी यायची, ती कुठे पेरली? बऱ्याच घरांत ती पेरलीच नव्हती. त्या पुडीतल्या बियांच्या ओळींवर विष न पचवणारे पतंग वाढावेत आणि मोजक्या प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर व्हावा, अशी योजना होती. प्रतिकाराचा गुण मुख्यतः अप्रभावी (दोन्ही पालकांकडून आला तरच दिसणारा) असल्याने अशा संकराची बहुतेक पिल्लं बीटीवर मरतात. पुडी बांधावर पडून राहिली की प्रतिकारकाला जोडीदार प्रतिकारकच मिळतो. मेंडेलचा तक्ता मुलांनी याच पतंगांवर मांडून पाहावा.