विश्वस्ताचं मानधन की संचालकाचा पगार? सेवाभावी संस्थांनी हा फरक कागदावर आणायलाच हवा

वृद्धाश्रम, बालगृह किंवा दिव्यांगांसाठी निवासी केंद्र चालवणाऱ्या अनेक छोट्या संस्थांत विश्वस्त आणि रोजचा कारभार बघणारा माणूस एकच असतो. त्याला दरमहा जाणारी रक्कम ‘मानधन’ म्हणून खर्ची पडते. ती कोणत्या कामाची, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. अडचण इथूनच सुरू होते.

बैठकांना येणं, धोरण ठरवणं, मालमत्तेवर लक्ष ठेवणं ही विश्वस्ताची कामं मुळात विनामोबदला धरली जातात. त्यासाठी मानधन द्यायचं तर ट्रस्ट डीडमध्ये (संस्थेच्या स्थापनेच्या दस्तात) किंवा नियमावलीत तशी तरतूद हवी, नुसत्या ठरावाच्या भरवशावर ते सुरू करू नये. तिकीट-बिलं घेऊन दिलेला प्रवासखर्च मानधनात मोडत नाही.

संचालकाचा पगार नेमणुकीतून येतो. नेमणूकपत्र, कामाचं स्वरूप, रजा, कोणाला उत्तर द्यायचं हे सगळं लेखी असतं. टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापायचा प्राप्तिकर, स्लॅबप्रमाणे कापला जातो आणि नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) लागू होते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ६०,००० रुपये असतील आणि सेवा १० वर्षांची असेल, तर ६०,००० × १५ ÷ २६ × १० म्हणजे सुमारे ३,४६,००० रुपये होतात. पगारच वर्षानुवर्षं मानधन म्हणून दाखवला की ग्रॅच्युइटीसाठी पैसे बाजूला काढलेच जात नाहीत. आयुष्य संस्थेला दिलेल्या माणसावर हा सरळ अन्याय आहे.

‘संचालक विश्वस्त नसेल तर पगार कितीही द्या,’ हा समज चुकीचा आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३ मधल्या यादीत मोठे देणगीदार, संस्थापक, विश्वस्त आणि या शेवटच्या दोघांचे नातेवाईक यांच्या जोडीला संस्थेचा व्यवस्थापकही येतो, मग त्याचं पदनाम काहीही असो. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, तत्त्व तेच राहिलं. यांपैकी कोणालाही कामाच्या मानाने अवाजवी मोबदला देता येत नाही. समजा वाजवी पगार दरमहा ५०,००० आहे आणि संस्था ८०,००० देते. वर्षाचे जादा ३,६०,००० रुपये संस्थेच्या हाती करपात्र ठरून त्यावर ३० टक्के, म्हणजे १,०८,००० रुपये कर बसतो. अधिभार, उपकर वेगळे. शिवाय पहिल्या वेळी जादा रकमेइतका आणि पुन्हा तसंच घडल्यास दुप्पट दंड होऊ शकतो.

वाजवी म्हणजे किती, याचा आकडा कायद्यात नाही. तो संस्थेनेच पुराव्यानिशी उभा करायचा. त्याच शहरातल्या, साधारण तेवढ्याच खाटांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या तीन-चार संस्थांचे पगार, उमेदवाराची पात्रता आणि अनुभव असा तक्ता ठरावाला जोडा. ज्याचा पगार ठरतोय तो किंवा त्याचा नातेवाईक मंडळावर असेल, तर त्या विषयापुरतं त्याने बाहेर बसावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. मंजुरी पगार सुरू होण्याआधीची हवी. मार्चअखेरीस मागच्या तारखेने केलेले ठराव तपासणीत टिकत नाहीत.

वस्तुरूप लाभही मोबदल्यातच धरा. आवारातलं घर फुकट दिलं असेल तर रात्री-अपरात्री रहिवाशांची तब्येत बिघडते म्हणून तिथे राहणं हा कामाचाच भाग आहे, असं नेमणूकपत्रात लिहा. गाडी दिली असेल तर लॉगबुक ठेवा.

परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना आणखी एक बंधन आहे. २०२० पासून त्या निधीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. कार्यकारी मंडळाच्या सदस्यांना दिलेला मोबदला या २० टक्क्यांतच बसवावा लागतो.

जमवलेल्या देणग्यांवरची टक्केवारी मात्र संचालकाला बक्षीस म्हणून देऊ नये. रक्कम वाजवी होती हे सिद्ध करणं कठीण जातं, आणि संचालकाचं लक्ष रहिवाशांवरून देणगीदारांकडे वळतं. बक्षीस द्यायचंच तर वर्षाच्या सुरुवातीला कमाल रक्कम आणि निकष ठरवा: रहिवाशांच्या पडण्याच्या घटना, औषधं वेळेवर दिल्याच्या नोंदी, वर्षभरात सोडून गेलेल्या काळजीवाहकांची संख्या. मग ते पगाराचाच भाग म्हणून, टीडीएस कापून द्या.