एका सेकंदात 100 यार्ड : ‘किक सिक्स’ची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात आज 130 हून अधिक संघ आहेत. प्रत्येकाचे मोसमात साधारण 12 सामने, म्हणजे वर्षाला सातशेच्या वर लढती. शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारून, म्हणजे चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून पार करून तीन गुण मिळवून, सामना काढणं तिथे नेहमीचंच. मात्र हुकलेला फील्ड गोल समोरच्याने झेलावा आणि अख्खं मैदान पार करून सामनाच जिंकावा, असं 30 नोव्हेंबर 2013 रोजी ऑबर्नने अलाबामाविरुद्ध केलं. म्हणूनच ‘किक सिक्स’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चालीची चर्चा आजही थांबलेली नाही.

हे दुर्मीळ असण्याचं मूळ मैदानाच्या रचनेत आहे. 1927 पासून कॉलेज फुटबॉलमध्ये गोलचे खांब एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, मागच्या रेषेवर आहेत. किक हुकली तरी चेंडू बहुधा त्या रेषेपलीकडे जातो आणि खेळ संपतो. तो मैदानात राहतो, ते किक खूप लांबून मारली आणि तोकडी पडली तरच. आणि इतक्या लांबून मारायची वेळ सहसा येत नाही, कारण 1996 पासून बरोबरी झाली की जादा वेळ मिळतो. प्रशिक्षक धोका कशाला पत्करतील?

अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी तो पत्करला. 28-28 अशी बरोबरी होती आणि घड्याळ शून्यावर पोचलं होतं. आपला खेळाडू सीमारेषेबाहेर गेला तेव्हा एक सेकंद शिल्लक होता, असा त्यांचा आग्रह होता. व्हिडिओ पाहून पंचांनी तो सेकंद परत दिला. त्या दिवशी नेहमीच्या किकरचे तीन प्रयत्न वाया गेले होते, म्हणून 57 यार्डांवरून मारायला अ‍ॅडम ग्रिफिथ आला. चेंडू तोकडा पडणार हे ओळखून ऑबर्नने ख्रिस डेव्हिसला खांबांखाली उभं केलं होतं. इथेच सामना फिरला, असं मला ठामपणे वाटतं. फील्ड गोलसाठी उतरलेल्या संघात बहुतेक वजनदार लाईनमन असतात. अडवण्यात ते पटाईत, पण वेगवान खेळाडूचा मोकळ्या मैदानात पाठलाग करणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. डेव्हिस डाव्या कडेने सुटला तो थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्या एंड झोनमध्ये चेंडू नेऊन सहा गुण मिळवेपर्यंत. घड्याळ केव्हाच संपलं होतं, पण सुरू झालेली चाल पूर्ण होऊ द्यायची असा नियम आहे. निकाल 34-28. तो धावला सुमारे 109 यार्ड. अधिकृत नोंद 100 ची, कारण एंड झोनमधलं अंतर धरत नाहीत.

अशा शेवटांमध्ये हताशपणे फेकलेला लांब पास, म्हणजे ‘हेल मेरी’, त्यातल्या त्यात वारंवार दिसतो. बोस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने 1984 मध्ये मायामीविरुद्ध तसाच सामना 47-45 असा जिंकला. खुद्द ऑबर्ननेही ‘किक सिक्स’च्या दोनच आठवडे आधी जॉर्जियाला तसंच हरवलं होतं. मागे पास देत चेंडू जिवंत ठेवण्याची चाल त्याहून विरळा. 1982 मध्ये कॅलिफोर्नियाने स्टॅनफर्डविरुद्ध पाच लॅटरल (असे मागे दिलेले पास) देत, मैदानात घुसलेल्या स्टॅनफर्डच्याच बँडमधून वाट काढत 25-20 असा विजय मिळवला. 2015 मध्ये मायामीने ड्यूकविरुद्ध आठ लॅटरल दिले. तो टचडाउन ग्राह्य धरण्याचा निर्णय चुकीचा ठरून पंच निलंबित झाले, निकाल मात्र कायम राहिला.

ऑबर्न पुढे आपल्या विभागाचा विजेता ठरला. राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटने त्याला 34-31 असं हरवलं; विजयी टचडाउन झाला तेव्हा 13 सेकंद उरले होते.