नाझींना बेकारांनीच सत्तेवर आणलं का?

"जर्मनीत 60 लाख लोक बेकार झाले, पोट रिकामं म्हणून त्यांनी नाझींना मतं दिली" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे, कारण बेकारी खरंच तेवढी होती आणि नाझींची मतं 1928 ला 2.6 टक्के होती ती जुलै 1932 ला 37.3 वर गेली. पण दोन्ही गोष्टी सोबत वाढल्या म्हणून बेकारांनीच मत दिलं असं होत नाही ना. तपासायचं तर 1932 चे जिल्हावार निकाल घ्या आणि शेजारी 1933 ची जनगणना ठेवा, लोकांचा धंदा, पंथ, सगळं आहे त्यात. बर्लिनचा वेडिंग भाग, कामगार वस्ती, बेकारी भरपूर, तिथे कम्युनिस्ट पुढे. आणि उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन भागात, जिथे कर्जात बुडालेले छोटे प्रोटेस्टंट शेतकरी होते, तिथे नाझी 51 टक्के! छोटे दुकानदार, कारागीर यांचंही तसंच, म्हणजे थोडंफार हातात असलेले आणि तेही जाईल या धास्तीतले. कामगारांनी मत दिलंच नाही असंही नाही हां, बऱ्याच जणांनी दिलं, फक्त बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे वळले. आणि कॅथलिक भागात गरिबी असूनही नाझींची मतं कमीच पडली, हे तर नुसत्या पोटाच्या हिशोबात बसतच नाही.